जुन्या लुगड्याची चांदणी

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली, की प्रत्येक नांदत्या घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो. जुन्या कपड्यांचे करावयाचे काय? पेटीच्या तळाशी गेलेली लुगडी, मुलांना आखूड झालेले सदरे, परकर, झबली, कोपरावर विरलेले स्वेटर ही सारी मंडळी वर्षातून एकदा बाहेर येतात, अंगणात ऊन खातात, आणि कोणाचाच निर्णय न झाल्यामुळे पुन्हा पेटीत जाऊन पडतात. काही कपडे गरजूंच्या उपयोगी पडतात, आणि ते तसे पडावेत हेच योग्य. काही बोहारणीच्या टोपलीत जातात आणि त्यांच्या मोबदल्यात एखादे पातेले घरात येते. काहींची गोधडी होते, काहींची पायपुसणी. परंतु या सर्व वाटांनी वाटून टाकल्यावरही प्रत्येक घरात दोनचार वस्त्रे अशी उरतातच, की जी नेसता येत नाहीत, दुसऱ्याला देववत नाहीत, आणि टाकून तर मुळीच देववत नाहीत. प्रस्तुत लेख अशा दोनचार वस्त्रांविषयी आहे.

त्यांचा एक साधा व सुंदर उपयोग मला आमच्या शेजारच्या घरी पाहावयास मिळाला. ते घर एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे आहे, आणि ज्या निमित्ताने तो पाहिला तो सण नाताळचा. सण त्यांचा असला तरी युक्ती कोणत्याही घरी उपयोगी पडावी अशी आहे. म्हणून ती वाचकभगिनींपुढे, ज्या प्रसंगाने ती मला समजली त्या प्रसंगासह ठेवीत आहे.

पेटी आणि अबोला

आमच्या सासूबाई २०१९ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तल्या. त्या अखेरपर्यंत नऊवारीच नेसत. त्यांच्यामागे एक पत्र्याची पेटी राहिली. तीत अकरा सुती लुगडी आणि एक रेशमी पदराचे इरकली होते. वर्षश्राद्ध झाल्यावर दोघी लेकी व आम्ही तिघी सुना पेटीभोवती बसलो खऱ्या. परंतु हात कोणाचाच पुढे होईना. सहावारीची व सलवार-कमिजाची सवय झालेल्या आम्हा बायकांना नऊवारी नेसावयाची नव्हती, आणि नेसावयाची नसताना मागून घेणे बरे दिसले नसते. पेटीला पुन्हा कुलूप लागले.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर ती उघडली, तेव्हा आत दमट वास कोंडला होता. चार लुगड्यांना कसर लागली होती, आणि इरकलीचा पदर घडीच्या जागी चिरत चालला होता. ते पाहून वन्संच्या डोळ्यांना पाणी आले. थोरल्या जाऊबाई मूळच्याच व्यवहारी, त्या म्हणाल्या, "आता ठेवून तरी काय उपयोग? बोहारणीला बोलावू या." वन्सं एवढेच म्हणाल्या, "माझ्या आईची लुगडी बोहारणीच्या डोक्यावरून जाणार नाहीत." दोघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. परंतु त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एकत्र कुटुंबात अबोला धरणाऱ्या दोघीच असल्या, तरी त्याचा भार पंगतीतल्या प्रत्येकाला वाहावा लागतो, हे अशा घरात नांदलेल्यांना सांगावयास नको. दिवाळी तशीच गेली.

सुरूची फांदी

त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन मी शेजारी गेले. आमच्या व त्यांच्या अंगणांत एक कमरेइतकी भिंत आहे, आणि गेली पन्नास वर्षे दोन्ही घरांची बरीचशी देवघेव त्या भिंतीवरूनच चालत आली आहे. शेजारच्या ताई मूळच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या. त्यांच्या माहेरी चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आहे. पण बोलणे, चालणे, कुंडीतली तुळस वगळता सारे आपल्यासारखेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर मराठीत जी भजने रचली, ती त्यांच्या घरी आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वाळूने भरलेल्या बादलीत सुरूची एक मोठी फांदी उभी केली होती. विलायतेतले सूचिपर्णी झाड आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून आपल्याकडील अनेक ख्रिस्ती घरांत सुरूवरच भागविण्याचा प्रघात पडला. नाताळात ती फांदी मी पूर्वीही दुरून पाहिली होती. जवळ जाऊन मात्र कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली, आणि ध्यानात आले, की बाजारात मिळणारी चकाकती शोभा तिच्यावर जवळजवळ नाहीच. जे टांगले होते ते सारे कापडाचे आणि हाताने शिवलेले. ताई एकेक वस्तू हातात धरून सांगू लागल्या. खाकी कापडाची घंटा ही यजमानांच्या नोकरीतल्या सदऱ्याची. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे फूल मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे. हिरव्या खणाचे हृदय त्यांच्या आईच्या चोळीचे. तळव्याएवढा लोकरी मोजा नातवाच्या पहिल्या स्वेटराचा. प्रत्येकीच्या पाठीवर बारीक टाक्यांनी नाव आणि साल घातले होते.

मग त्यांनी वरच्या डहाळीवरची एक सहा टोकांची चांदणी काढून माझ्या हातावर ठेवली. कापड पिवळसर पांढरे, वापरून मऊ झालेले, आणि एका कडेला बोटभर रुंद तांबडी किनार. "वहिनी, हे ओळखलेत का?" त्यांनी विचारले. मला काही आठवेना.

"हे काकूंचे लुगडे," त्या म्हणाल्या.

१९७४ साली ताईंना पहिली मुलगी झाली. दिवस भरण्याआधीच त्या मोकळ्या झाल्या. नगरहून आई येऊन पोचावयाची होती, आणि घरात बाळासाठी काहीच तयार नव्हते. त्या सकाळी सासूबाईंनी आपले एक जुने लुगडे फाडून, उकळून, वाळवून त्याची दुपटी भिंतीवरून पलीकडे दिली. नवे कापड आणू का, असे ताईंच्या यजमानांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नवे नको. जुनेच बाळाला टोचत नाही."

मी १९७९ साली या घरात आले. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मला आठवत होते ते निराळेच. आमच्याकडून त्या घरी दिवाळीत करंज्या-चकल्यांचे ताट जाई. परंतु त्यांच्याकडचे शिजलेले अन्न आमच्या स्वयंपाकघरात येत नसे. ताईंनी हे कधीच ओळखले होते. म्हणून नाताळात त्या आमच्याकडे केक न पाठविता संत्री आणि अक्रोड पाठवीत. पुढे काळ बदलला, सासूबाईही बदलल्या, आणि नातवंडांनी तो केक घरात आणून सर्वांसमक्ष खाल्ला. तथापि कित्येक वर्षे ती देवघेव अशी एका बाजूला कललेली होती, हे लिहिताना आज संकोच वाटतो. पण ते लिहिले पाहिजे. भिंतीवरून अन्न येऊ शकत नव्हते त्या काळातही लुगडे मात्र गेले होते, आणि ते एका लेकराच्या अंगाला लागले होते.

"मुलगी दोन वर्षांची झाल्यावर मी त्या दुपट्याची चांदणी केली," ताई सांगत होत्या. "भिंतीपाशी जाऊन काकूंना दाखविली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, 'टाके जरा जवळ घाल, सुटतील.' मग आतून सुईदोरा आणून एक टोक त्यांनी स्वतःच शिवून दिले."

मी चांदणी खिडकीशी नेली. पाच टोके धावदोऱ्याने शिवली होती. सहाव्याला बारीक, एकमेकांत अडकलेली उलटी टीप होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला जी टीप घालावयास शिकविली, आणि जी मला त्यांच्याइतकी सारखी कधीच साधली नाही, ती हीच.

कापडाशी या सणाचे नाते

ताईंनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती मला विसरता येत नाही. नाताळची कथाच मुळी कापडापासून सुरू होते. लूककृत शुभवर्तमानात येशूच्या जन्माचे जे वर्णन आहे, त्यात राजवैभवाची खूण एकही नाही. धर्मशाळेत जागा नसल्यामुळे आईने बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजविले, एवढेच आहे. बाळंते म्हणजे काय हे मराठी बाईला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडेही द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला चिंधी बांधण्यासाठी अंगावरचे वस्त्र फाडल्याची लोककथा घरोघरी सांगतात. आपल्या अंगावरचे कापड दुसऱ्यासाठी फाडणे हे प्रेमाचे लक्षण कोणत्याही धर्मात समजते.

झाड शृंगारण्याची रीत मात्र त्या मानाने अलीकडची, आणि जर्मन मुलखातली. राइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालचे एक वर्णन उपलब्ध आहे. तेथील लोक नाताळात घरात सूचिपर्णी झाडे उभी करून त्यांवर रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापड्या व साखरेचे पदार्थ टांगीत. म्हणजे आरंभीची सारी शोभा घरातलीच होती. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचे जर्मन यजमान आल्बर्ट आणि मुले अशा झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापून आले, आणि इंग्लंडात ही रीत झपाट्याने पसरली. त्याच सुमारास जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा या काचकामगारांच्या गावी फुंकलेल्या काचेचे गोळे या कामासाठी होऊ लागले. १८८० नंतर अमेरिकेतील वुलवर्थ या दुकानदाराने ते आयात करून स्वस्तात विकले, आणि झाडाची शोभा घरी करण्याऐवजी दुकानातून आणण्याची सवय लागली. आज या वस्तूंचा फार मोठा भाग चीनमधील यिवू शहराच्या बाजारपेठेतून जगभर जातो. त्या स्वस्त असतात आणि दिसतातही छान. पण त्यांच्यात कोणाचीच आठवण नसते.

तरीही कापडाची परंपरा तुटली नाही. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गृहिणींमध्ये वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची मोठी आवड निर्माण झाली. लग्नाच्या पोशाखाचे रेशीम, मखमल, फिती असे तुकडे जसे मिळतील तसे जोडून त्यांवर भरतकामाने नावे व तारखा घालीत. शिवाय अडचणीच्या काळाने कापडाची किंमत पुन्हा शिकविली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत, आणि बायकांच्या एका लोकरी पोशाखालाच ११ कुपने मोजावी लागत. हे रेशनिंग १५ मार्च १९४९ पर्यंत चालले. १९४३ साली तेथील सरकारने जुन्याचे नवे कसे करावे याची एक पुस्तिकाच काढली. जर्मनीतली काच येणे तर बंदच होते. अशा वर्षांत ज्यांना झाड शृंगारावयाचे होते, त्यांनी घरातल्या चिंध्या, लोकर व कागद यांवरच काम भागविले.

आपल्या इकडे 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेली मोठी चांदणी दारावर लावतात आणि अंगणात गव्हाणीचा देखावा मांडतात. तेथेही घरच्या माणसांच्या हाताचे काम हीच खरी शोभा. आणि कापडी टांगत्या शोभेविषयी म्हणावे, तर आपण मराठी बायका त्या कामात नवख्या नाही. पाळण्यावर टांगावयाचे चिमण्यापोपटांचे चिमणाळे चिंध्यांचेच करीत आलो ना?

कोणते कापड कापावे

घरी परतल्यावर ही हकीगत मी रात्री जेवणानंतर सर्वांसमक्ष सांगितली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वन्सं आपण होऊन शेजारी गेल्या. थोड्या वेळाने थोरल्या जाऊबाईही गेल्या. मी मागाहून पोचले, तो दोघी त्या फांदीपुढे उभ्या होत्या. वन्संचे बोट चांदणीच्या सहाव्या टोकावर होते. जाऊबाई म्हणाल्या, "कात्री मी चालवीन. पण काय कापावयाचे ते तुम्ही निवडा." दोन महिन्यांनी त्या वन्संशी बोलल्या त्या या शब्दांनी.

निवड वन्संनी केली, आणि ती इतकी शहाणपणाची होती, की मी ती नियम म्हणूनच येथे देते. धड असलेले वस्त्र कापू नये. ते कोणाच्या तरी अंगावर जावे. आमच्याकडची सात धड लुगडी, एक वृद्ध बायांची संस्था नऊवारी मागते असे कळल्यावर, तेथे गेली. कसर लागलेली चार तेवढी कापावयाची ठरली. इरकली मात्र चिरत असूनही वन्संनी कापू दिले नाही. ते मलमलीत गुंडाळून त्यांनी आपल्याजवळ ठेवले. सर्वच आठवणींना कात्री लावलीच पाहिजे असे नाही.

साहित्य व पूर्वतयारी

कापड प्रथम कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणून पाहावे. फाटले नाही तर ते टाक्याला टिकेल. विरले, तर मागे नव्या मलमलीचे अस्तर कच्च्या टाक्याने लावूनच कापावे. जुन्या रेशमाला अस्तर हवेच. सुती कापडाला तांदळाच्या पेजेची पातळ खळ देऊन इस्त्री केली, म्हणजे ते कापताना सरकत नाही. जरीवर तापलेली इस्त्री थेट फिरवू नये. वर जुना रुमाल घालावा. भरण्यास पिंजलेला कापूस किंवा त्याच कपड्याचे बारीक कातरण घ्यावे. कातरण घातल्यास काहीच वाया जात नाही, परंतु वस्तू जड होते. म्हणून निम्मे कातरण व निम्मा कापूस हे प्रमाण बरे.

सहा टोकांची चांदणी. पुठ्ठ्याचा, तिन्ही बाजू साडेतीन इंच असलेला त्रिकोण कापून घ्यावा. त्यावरून कापडाचे चार त्रिकोण आखून, सभोवती पाव इंच अधिक ठेवून कापावेत. दोन त्रिकोणांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून उलटी टीप घालावी. एका बाजूस इंचभर फट ठेवावी. कोपऱ्यातील जादा कापड टाक्याच्या अगदी जवळ न जाता छाटावे, म्हणजे उलटविल्यावर टोक बोथट दिसत नाही. उलटवून, बोथट काडीने टोके बाहेर काढून, किंचित कापूस भरून फट आंधळ्या टाक्याने बंद करावी. असेच दुसरे करावे. मग एक त्रिकोण दुसऱ्यावर उलटा ठेवून मधोमध व आतील सहा कोपऱ्यांत टाके घालून जोडावेत. किनारीचा भाग एका तरी टोकावर येईल असे बेतावे. लुगड्याची ओळख किनारीत असते. कापूस फार भरू नये. फुगलेले त्रिकोण एकमेकांवर नीट बसत नाहीत.

चुणीचे फूल. हे सर्वांत सोपे. आठ वर्षांच्या मुलीलाही करता येईल. चार इंच व्यासाचे वर्तुळ कापावे. कडा पाव इंच आत दुमडीत सभोवती दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालावा व दोरा ओढावा. कापडाची चुणीदार चकती होते, साधारण पावणेदोन इंचांची. टाके लांब घातले तर मधले छिद्र लहान राहते, बारीक घातले तर मोठे. ही खूण ध्यानात ठेवावी. मध्ये त्याच सदऱ्याचे बटण लावावे. अशी पाचसात फुले ओवली, की छोटी माळ होते.

घंटा. सदऱ्याच्या बाहीचे जाड कापड यासाठी उत्तम. चार इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापून त्याच्या सरळ कडेचे दोन भाग एकमेकांस शिवले, की शंकूसारखा आकार येतो. खालची कड आत दुमडून तुरपाई करावी. टोकाला बंद शिवावा आणि आतून दोऱ्याला एक लाकडी मणी लोंबता ठेवावा.

लोकरी मोजा. विरलेला स्वेटर कापला तर त्याचे फासे सुटतात. म्हणून आखलेल्या रेघेच्या आतून आधी दुहेरी टीप घालावी व मगच कापावे. कडेला वेगळ्या रंगाच्या लोकरीने काजटाका घातला, म्हणजे शोभाही येते आणि फासेही धरून राहतात.

चार सूचना

पहिली सूचना आगीची. पूर्वी या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावीत आणि त्यामुळे अपघात होत. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्क येथील आपल्या घरी ८० विजेचे लहान दिवे लावून झाड उजळले; पुढे सर्वत्र तोच प्रघात पडला. कापूस भरलेली वस्तू पणतीजवळ, निरांजनाजवळ किंवा मेणबत्तीजवळ कधीही टांगू नये. दुसरी सूचना लहान मुलांची. जेथे वर्षादोनवर्षांचे मूल हात पोचवील, तेथे बटणे व मणी लावू नयेत. तिसरी ठेवणुकीची. सण झाल्यावर वस्तू ऊन दाखवून, कोरड्या डब्यात मलमलीच्या थरांमध्ये ठेवाव्यात आणि कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी घालावी. आमची पेटी तीन वर्षे न उघडता राहिली, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर ज्याचे वस्त्र त्याचे नाव आणि साल टाक्यांनी घालावे. आज घरातल्या सर्वांना ते ठाऊक आहे, म्हणून आळस होतो. परंतु तीस वर्षांनी ती चांदणी हातात घेणाऱ्याला ठाऊक नसेल. आणि मग ती पुन्हा एक चिंधीच होईल. आणखी एक, संख्येचा मोह नसावा. एका माणसाच्या वस्त्राची एक वस्तू पुरे. ताईंच्या फांदीवर पन्नास वर्षांत पुरत्या तीस वस्तूही जमल्या नाहीत, आणि त्यातच त्या फांदीची शोभा आहे.

शेवटी

आमच्या चार लुगड्यांतून चौदा चांदण्या झाल्या. पाच मुलांच्या पाच आणि नऊ नातवंडांच्या नऊ. नातवंडांपैकी दोघे परदेशी आहेत. त्यांच्या चांदण्या टपालाने गेल्या. आमच्या घरी नाताळ होत नाही, तेव्हा चांदण्या टांगावयाच्या कोठे, हा प्रश्न आला. गणपतीच्या मखराला लावू, असे मुलांनी सुचविले. थोरल्या जाऊबाईंना नेसलेले वस्त्र देवाजवळ नको वाटले, आणि तो विषय कोणी वाढविला नाही.

२०२४ साली घरात पहिले पणतवंड आले. बारशाला त्याच्या पाळण्यावर नेहमीच्या चिमण्यांच्या जागी पाच चांदण्यांचे चिमणाळे टांगले. ते जाऊबाईंनीच बांधले, आणि त्यातली एक वन्संची होती. शेजारच्या ताई आल्या होत्या. त्यांची १९७४ ची लेक आता मेलबर्नला असते, जेथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. आपल्यामागे ती दुपट्याची चांदणी तिच्याकडे जावयाची, असे त्यांनी ठरवून ठेवले आहे. पाळण्यावर वाकून त्यांनी एक चांदणी निरखली आणि मला हळूच म्हणाल्या, "टाके जरा जवळ घालावयास हवे होते, वहिनी." ती चांदणी माझ्या हातची होती. दुसऱ्या दिवशी मी ती उसवून पुन्हा शिवली.

यंदा पेट्या उघडतील तेव्हा वाचकभगिनींनी घरातल्या सर्वांना एकदा भोवती बसवावे, आणि जे नेसता येत नाही व टाकवतही नाही अशा एखाद्या वस्त्राचा निर्णय मिळून करावा. कात्री लावण्यापूर्वी ज्याला त्या वस्त्राचे सर्वांत अधिक वाटते, त्याला विचारावे. एवढे केले, तर शिवण साधी असली तरी चालेल. टाके मात्र जवळ घालावेत.